लव्हाळा आणि त्याचे घर

(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींस थोडे हसू येईल. ज्या वनस्पतीस शेतकरी तण म्हणून उपटून बांधावर फेकतो, तिच्याविषयी शिक्षकांच्या सभेत काय बोलावयाचे? परंतु हा लव्हाळा आपल्या भाषेत मोठ्या मानाने नांदत आहे. नम्रतेचा दृष्टांत देताना तुकोबारायांनी महापुराशी त्याची गाठ घातली, आणि त्या दृष्टांतामुळे त्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. आपण तो वर्गात शिकवितो, त्यावर निबंध लिहून घेतो. मात्र लव्हाळा प्रत्यक्ष किती मुलांनी पाहिला आहे, आणि किती गुरुजींनी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

माझी स्वतःचीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत खाडीकाठच्या एका शाळेत शिकवीत असताना 'लव्हाळा म्हणजे एक प्रकारचे गवत' असा अर्थ मी फळ्यावर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी चौथीतील एका मुलाने खाजणाच्या कडेचा मूठभर लव्हाळा आणि बांधावरचे थोडे गवत माझ्या टेबलावर आणून ठेवले. तो म्हणाला, "गुरुजी, हे गवत नाय. दोन्ही काड्या बोटांत फिरवून बघा." मी फिरविल्या. गवताची काडी चिमटीत सहज फिरली. लव्हाळ्याची काडी कडेकडेला अडखळली. मी फळ्यावरचा अर्थ पुसला. त्या मुलाने जे हाताने ओळखले होते, तेच वनस्पतिशास्त्र सांगते.

गवताचा दांडा बहुधा गोल असतो, त्यास पेरे असतात आणि दोन पेरांमधील भाग पुष्कळदा पोकळ असतो. लव्हाळा आणि मोथा यांचे कुळ निराळे आहे. या कुळातील बहुतेक वनस्पतींचा दांडा तीन धारांचा व आतून भरीव असतो. पाने तीन ओळींत निघतात, आणि पानाचा बुडाचा भाग दांड्याभोवती नळीसारखा बंद असतो. जगात या कुळाच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. 'लव्हाळा' हे नावही आपल्याकडे एकाच जातीचे नाही. दिसण्यात सारख्या अशा अनेक जातींस लोक त्याच नावाने ओळखतात. नाईल नदीकाठच्या ज्या पपायरसपासून प्राचीन मिसर देशातील लोक लिहिण्याची पाने तयार करीत, आणि ज्याच्या नावावरून इंग्रजीतील 'पेपर' हा शब्द आला, तो याच कुळातील. आपल्या वैद्यांचा मुस्ता, म्हणजे सुगंधी कंदाचा मोथा, हाही त्याचाच भाऊबंद. कालिदासाच्या शाकुंतलात डबक्याकाठी रानडुकरे जो मोथा उकरतात, तो हाच.

आता त्याचे घर पाहू. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीस मिळते. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी खाडीतून आत येते, आणि पावसाळ्यात डोंगराचे गोडे पाणी खाली उतरते. या दोन पाण्यांच्या सरहद्दीवर आपला तालुका वसलेला आहे. भरतीचे पाणी जेथे रोज खेळते तेथे तिवरांचे राज्य असते. त्याच्या आतल्या अंगास उधाणाचे पाणी केवळ अधूनमधून पोचते आणि पावसाचे पाणी साचून राहते; अशा ठिकाणी लव्हाळ्याचे ताटवे दिसतात. त्यापलीकडे खारबंदिस्तीचा बांध, उघाडी आणि भाताची खाचरे.

पाण्याने भरलेल्या चिखलात हवा जवळजवळ नसते. सामान्य रोपाची मुळे तेथे गुदमरून कुजतात. लव्हाळ्यासारख्या पाणथळीतील वनस्पतींच्या अंगात मात्र हवेच्या बारीक पोकळ्या असतात, आणि त्यांतून वरची हवा थेट मुळांपर्यंत पोचते. शिवाय अनेक जातींचे खोड जमिनीखाली आडवे पसरते व ठिकठिकाणी नवे कोंब वर काढते. अशा आडव्या खोडांचे आणि मुळांचे जाळे चिखल घट्ट धरून ठेवते. पूर आला की वरचा दांडा लवतो, पाणी त्याच्यावरून निघून जाते. पाती मोडली तरी खालून नवे कोंब फुटतात. तुकोबारायांचा दृष्टांत असा शास्त्राच्या कसोटीसही उतरतो. आपण त्यातून लवण्याचा धडा घेतला. मातीस धरून राहण्याचा धडाही त्याच वनस्पतीत आहे.

या जाळ्यात गाळ अडतो, आणि त्या आश्रयाने पुष्कळ जीव राहतात. चिंबोऱ्या, निवट्या, माशांची व कोळंबीची पिले यांस येथे आसरा मिळतो. त्यांच्या मागोमाग बगळे येतात. पाणकोंबडी येथे लपते, आणि रानबदके याचे बी टिपतात.

शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. मोथा खाचरात शिरला की पिकाच्या तोंडचा घास काढून घेतो, आणि त्याचे कंद निपटून काढता काढता माणूस थकून जातो. खाऱ्या जमिनीत भात पिकविणे किती कष्टाचे आहे, हे ज्या गावी खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि ज्या गावाचे नाव 'पनवेल १'सारख्या खार सोसणाऱ्या भातास मिळाले आहे, तेथे मी नव्याने सांगावयास नको. परंतु खाचरात जे तण, तेच खाजणात मूळचे रहिवासी आहे. एकाच वनस्पतीची ही दोन नाती मुलांस समजली, तर त्यांची विचारशक्ती वाढेल.

इतके सांगण्याचे कारण असे, की हे घर आपल्या डोळ्यांदेखत आटत आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. उलवे येथील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यासाठी टेकडी सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. माणसांस घरे हवीत, मुलांस रोजगार हवा, हे मी जाणतो. पण काही वर्षांपूर्वी मी त्या जुन्या शाळेकडे गेलो, तेव्हा त्या मुलाने जेथून लव्हाळा उपटला होता तेथे मुरमाचा भराव पडून इमारती झाल्या होत्या. पुरात वाचणारा लव्हाळा भरावाखाली वाचत नाही.

आणि लव्हाळ्याबरोबर पाण्याची जागाही जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि रायगड जिल्ह्यासही पुराचा मोठा तडाखा बसला. पावसाचे पाणी पसरून काही काळ थांबावे म्हणून निसर्गाने ज्या सखल जागा ठेवल्या आहेत, त्या बुजविल्या की ते पाणी आपल्या उंबरठ्यात येते. म्हणूनच २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणातील रामसर या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला, आणि २०२२ साली आपल्या शेजारची ठाण्याची खाडी त्या यादीत आली.

यात प्राथमिक शिक्षकाने काय करावे? काम लहानच आहे. दर वर्षी २ फेब्रुवारीस, पाणथळ दिनी, वर्गास जवळच्या तळ्याच्या, ओढ्याच्या किंवा खाजणाच्या काठी न्यावे. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, गावातील एक जाणता माणूस बरोबर असावा, आणि मुलांनी बांध सोडून चिखलात उतरू नये. प्रत्येक मुलाने एक काडी गवताची व एक लव्हाळ्याची बोटांत फिरवून पाहावी. बाकीचे रोप जागच्या जागी राहू द्यावे. घरी जाऊन आजीआजोबांस त्या वनस्पतीचे आणि त्या जागेचे गावातील नाव विचारावे, आणि ती नावे शाळेच्या एका वहीत तारखेसह नोंदवून ठेवावीत. ही वही पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उघडावी. पाच वर्षांनी ती आपल्या गावाच्या पाण्याचा इतिहास सांगू लागेल, आणि उद्या ग्रामसभेत त्या जागेचा प्रश्न निघाला, तर ती पुढे ठेवता येईल.

ज्या शब्दाची वस्तू डोळ्यांपुढून नाहीशी होते, तो शब्द पुढे केवळ परीक्षेपुरता उरतो. लव्हाळ्याचे तसे होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.