गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. भाषणानंतर ध्वनिमुद्रित गाणी ऐकवण्यात आली.)



आज मला गाण्यांवर बोलायचंय, आणि तीही स्कॉटलंड-इंग्लंडच्या लोकगीतांवर. मी गाण्यातली जाणकार नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून वस्तीत आणि सल्ला केंद्रात काम करते. मग ही गाणी कुठून आली? तर आमच्या हातून झालेल्या एका चुकीमुळे आली.

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या बायकांच्या ओव्यांची छोटी पुस्तिका काढली. बचतगटातल्या बायका जेवणं उरकून जमायच्या, गायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. मुखपृष्ठावर ‘संकलन’ म्हणून आम्हा तिघींची नावं छापली. प्रकाशन झालं, कौतुकही झालं. सगळ्यांत जास्त ओव्या ज्यांनी दिल्या, त्या आजींनी पुस्तिका नातीकडून वाचून घेतली आणि मला विचारलं, “ताई, ह्यात मी कुठं हाय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा प्रश्न आणखी कुणी कुणाला विचारलाय का, ते शोधता शोधता मी स्कॉटलंडला पोहोचले.

१८०२ साली सर वॉल्टर स्कॉट यांनी सीमाभागातल्या कथागीतांचा संग्रह छापायला सुरुवात केली. गाणी देणाऱ्यांत मार्गारेट लेडलॉ नावाची एक शेतकरी बाई होती. तिचा मुलगा जेम्स हॉग पुढे लेखक झाला. त्याने लिहून ठेवलंय की आईने स्कॉट यांना तोंडावर सुनावलं. गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापून बिघडवलीत, आता ती कुणी गाणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय. एवढ्या मोठ्या माणसाला असं सांगायला धीर लागतो.

पुढे अमेरिकेतले प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश-स्कॉटिश कथागीतांचा मोठा संग्रह काढला. त्यात ३०५ कथागीतं आहेत. आजही अभ्यासक त्यांना ‘चाइल्ड अमुक’ अशा क्रमांकाने ओळखतात. बघा, गाणी पिढ्यान्‌पिढ्या बायाबापड्यांच्या ओठांवर राहिली आणि नाव लागलं प्राध्यापकांचं! इंग्लंडात १९०३ मध्ये सेसिल शार्प सॉमरसेट परगण्यातल्या हॅम्ब्रिज गावी गेले. लुई हूपर आणि लूसी व्हाइट या दोन सावत्र बहिणींनी त्यांना कितीतरी गाणी दिली. घरबसल्या शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बायका होत्या त्या. शार्प यांचं नाव जगभर झालं. या दोघींची नावं किती जणांना माहीत आहेत?

माझं म्हणणं असं नाही की गोळा करणारे वाईट होते. त्यांनी लिहून घेतलं नसतं तर पुष्कळसं बुडालं असतं. पण गाणारी बाई ‘स्रोत’ आणि लिहून घेणारा ‘विद्वान’ ही वाटणी कुणी ठरवली, हे आपण विचारायला हवं.

ही वाटणी थोडीफार मोडली ती एका गाण्याच्या कार्यक्रमात. १९४७ पासून एडिंबरात दरवर्षी मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरू लागला. त्यात ऑपेरा होता, वाद्यवृंद होते. पण स्कॉटलंडच्या कष्टकऱ्यांचं गाणं जवळजवळ नव्हतंच. तेव्हा कामगार संघटना आणि डाव्या पक्षांच्या लोकांनी मिळून ‘पीपल्स फेस्टिव्हल’, म्हणजे जनतेचा महोत्सव, उभा केला. त्यात कवी आणि लोकसाहित्याचे अभ्यासक हॅमिश हेंडरसन यांनी ३१ ऑगस्ट १९५१ रोजी ऑडफेलोज हॉलमध्ये ‘केयली’ भरवली. केयली म्हणजे घरोघरी जमून गाण्या-गोष्टींची बैठक. ती त्यांनी शहरातल्या सभागृहात आणली, आणि मंचावर प्रशिक्षित गायक न आणता ज्यांची गाणी होती त्यांनाच बसवलं. १९५१ नंतरही काही वर्षं या बैठकी होत राहिल्या.

पहिल्या बैठकीतल्या दोन बायकांबद्दल सांगते. फ्लोरा मॅक्नील ही बॅरा बेटावरची बावीस वर्षांची मुलगी, एडिंबरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारी. तिची गाणी गेलिक भाषेतली, आई-मावश्यांकडून आलेली. त्या बेटांवर हातमागाचं जाड लोकरी कापड घट्ट करायला बायका फळीभोवती बसून ते ओलं कापड तालावर आपटायच्या आणि त्या तालावर गायच्या. पुरुषांना तिथे मज्जाव. एक ओळ उचलायची, बाकीच्या धरायच्या. जातं ओढणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. दुसरी जेसी मरे, बकी या किनाऱ्यावरच्या गावची मासे विकणारी बाई. वाद्याची साथ न घेता, आपल्या बोलीत, सरळ उभी राहून गायली. अमेरिकेचे अ‍ॅलन लोमॅक्स यांनी तो सगळा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला, म्हणून आज आपण तो ऐकू शकतो.

१९५२ च्या अखेरीस लेबर पार्टीने हा महोत्सव कम्युनिस्टांचा ठरवून त्याच्याशी संबंध ठेवायला मनाई केली. पैसा आटला आणि थोड्याच वर्षांत महोत्सव बंद पडला. पण १९५३ मध्ये हेंडरसन अ‍ॅबर्डीनला जिच्या दारात पोहोचले, ती जीनी रॉबर्टसन तोवर मंचावर येऊन गेली होती. ती ट्रॅव्हलर समाजाची, म्हणजे स्कॉटलंडच्या भटक्यांपैकी. या समाजाला तिथे काय वागणूक मिळायची, हे आपल्या भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. पंचेचाळिशीच्या या बाईपाशी शतकांपूर्वीची कथागीतं अखंड होती. १९६८ मध्ये तिला सरकारी सन्मान मिळाला. तिची मुलगी लिझी हिगिन्स मासे साफ करण्याचं काम करायची. तीही मोठी गायिका झाली.

आता या गाण्यांत आहे काय? एकच सांगते. फायवी गावची अ‍ॅनी, गिरणीवाल्याची मुलगी. जमीनदाराच्या तुतारीवाल्यावर तिचं प्रेम बसतं. तो गरीब, म्हणून घराला कमीपणा येतो. बाप मारतो, आई मारते, शेवटी भाऊ दाराशी तिची पाठ मोडतो आणि ती मरते. फायवीच्या दफनभूमीत अ‍ॅग्नेस स्मिथ नावाच्या मुलीचा दगड आहे, त्यावर १६७३ साल आहे. लोक तिलाच ही अ‍ॅनी मानतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी केंद्रातच होते आणि समोरच्या बाकावर घरातून पळून आलेली मुलगी बसली होती. भावाचा फोन वाजला की दचकत होती. अ‍ॅनीची कहाणी जेन टरिफसारख्या ट्रॅव्हलर बायकांनी विसाव्या शतकापर्यंत गात ठेवली. घराण्याच्या अब्रूसाठी झाकलेला खून बायकांनी झाकू दिला नाही. आपण ज्याला ‘केस’ म्हणतो, तिला त्यांनी गाण्यात नोंदवून ठेवलं.

अर्थात सगळीच गाणी आपल्या बाजूची नाहीत. फसवणाऱ्याचं कौतुक करणारी, मार खाऊन निमूट राहणारीला चांगली म्हणणारीही आहेत. आपल्या ओव्यांतही आहेत. म्हणून निवड करावी लागते. फ्रँकी आर्मस्ट्राँग ही इंग्लंडची गायिका सोशल वर्करही होती. तिने कॅथी हेंडरसन आणि सँड्रा कर यांच्यासोबत १९७९ मध्ये बायकांच्या शंभर गाण्यांचा संग्रह काढला. १९७५ पासून ती आवाजाची शिबिरंही घेऊ लागली. ज्या बायकांना ‘तुला गाता येत नाही’ असं लहानपणी सांगून गप्प केलं गेलं, त्यांना मोकळा आवाज लावायला शिकवायची. हे कामही आपलंच आहे, असं मला वाटतं.

आता आमच्या पुस्तिकेचं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आम्ही प्रत्येकीकडे परत गेलो. नुसतं नाव छापून टाकणं हाही उपाय नाही, हे तेव्हा कळलं. एकीने नाव नको म्हटलं. तिचा नवरा तिचा पत्ता शोधत होता. दुसरीने फक्त ‘एक आई’ एवढंच लिहायला सांगितलं. आणि त्या आजी? त्यांनी सासरचं आडनाव खोडायला लावून माहेरचं घालायला सांगितलं. “ओव्या माझ्या आईच्या हायत,” म्हणाल्या.

तेव्हा माझी विनंती एवढीच. कुणाचं गाणं, कुणाची कहाणी आपण घेतली तर आधी विचारावं, नाव कसं द्यायचं तेही तिलाच विचारावं, छापलेलं तिला वाचून दाखवावं. आणि शक्य तिथे तिच्याबद्दल बोलण्याऐवजी मंचावरची खुर्ची तिला द्यावी. पुढच्या मेळाव्यात ओव्यांवर माझं भाषण ठेवलंय, ते रद्द करून आजींना बोलवावं असं मी सुचवते.

मी थांबते. आता जेसी मरे यांना ऐकू या.