पावसात चित्र का जाते?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझा शाळेशी संबंध लवकर सुटला. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या वस्तीत. म्हणून विषयही वस्तीतल्या छपरावरचाच घेतला आहे. दूरचित्रवाणीच्या डिशला आपल्या नांदेड-लातूरकडे छत्री म्हणतात. खरी छत्री पावसात कामाला येते. ही छत्री नेमकी पावसातच दगा देते. असे का व्हावे?

दूरदर्शनची फ्री डिश सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही, म्हणून ती गरिबाची. तिच्या लहरी ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून तो आग्नेयेस, क्षितिजाच्या सुमारे ६० अंश वर आहे. एवढी वाट निर्वेध पार पडते आणि घोटाळा होतो तो शेवटच्या पाचसहा किलोमीटरांत, कारण पाऊस तिथे असतो. या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास. टपोरा थेंब काही मिलिमीटरांचा. एवढ्या आखूड लहरीला थेंब शोषतो आणि विखुरतोही. लांब लहरीच्या मात्र तो खिजगणतीतही नसतो.

याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. तिथली छत्री दहा फुटांची आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. लहर सुमारे पस्तीस सेंटिमीटरांची, म्हणून जाळीच्या भोकांतून ती निसटत नसे आणि पावसालाही फारशी भीत नसे. पण दहा फुटांची छत्री प्रत्येकाच्या पत्र्यावर कशी बसणार? छत्री लहान व्हावी म्हणून लहर आखूड केली, उपग्रह जोरकस केला. आपल्या पत्र्यावर दोन फुटांची छत्री बसली ती या सौद्यामुळे; त्याची किंमत आपण पावसात मोजतो.

मग मोठी छत्री घ्यावी काय? हिशेब सोपा आहे. साठ सेंटिमीटरांऐवजी नव्वदची घेतली, तर व्यास दीडपट आणि क्षेत्रफळ सव्वादोनपट. पावसाने लहरीचा जोर निम्म्यावर आणला, तर मोठी छत्री ती तूट भरून काढील. पण ढगफुटीसारख्या सरीत जोर दहाव्या हिश्शावर आला, तर तेवढी तूट भरायला सहा फुटांहून मोठी छत्री लागेल. म्हणजे मोठ्या छत्रीने चित्र जाण्याची मिनिटे कमी होतात, मुसळधार काही जिंकता येत नाही. शिवाय मोठी छत्री वारा जास्त धरते आणि तिचा नेम अधिक काटेकोर साधावा लागतो. खिळखिळ्या पायावर बसवलेल्या मोठ्या छत्रीपेक्षा घट्ट बसवलेली लहान छत्री बरी.

एक खूणगाठ बांधा. सर ओसरल्यावर थोड्या वेळात चित्र आपोआप परतले, तर दोष पावसाचा. आभाळ निवळूनही परतले नाही, तर छत्री हलली आहे किंवा तारेच्या जोडात पाणी शिरले आहे. तेव्हाच माणूस बोलवा.

ही खूण मी का सांगतो? माझ्या ओळखीचा एक तरुण छत्र्या बसवतो. पगार नाही, जितकी कामे तितके पैसे. एका पावसाळी संध्याकाळी तक्रार आली. वेळेत गेला नाही तर पैसे कापले जाणार, म्हणून तो ओल्या पत्र्यावर चढला, घसरला आणि मनगट मोडून बसला. खाली घरात चित्र केव्हाच परत आले होते! ज्यांच्यासाठी तो चढला, त्यांनी सांगितले की तो आमच्या हजेरीपटावर नाही. बंधूंनो, पावसावर कोणाचा इलाज नाही. पण पावसात माणूस पत्र्यावर चढवणे हा काही निसर्गाचा नियम नव्हे. वीज कडकडत असताना कोणी वर चढणार नाही आणि त्यापायी कोणाचे पैसे कापले जाणार नाहीत, एवढी मागणी फार आहे काय? आणि आपण घरातल्यांनी अर्धा तास थांबायला काय हरकत आहे?

शेवटची गोष्ट. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यातील गावांत पुराचे पाणी शिरले. अशाच रात्री इशारा ऐकण्याची गरज असते आणि अशाच रात्री छत्री मुकी होते. आकाशवाणीच्या एफएमची लहर सुमारे तीन मीटरांची. पाऊस तिला अडवीत नाही. तेव्हा छत्री दोन फुटांची असो की तीन, सेलवर चालणारा एक लहान रेडिओ फळीवर असू द्या. पावसाळ्याला अजून अवकाश आहे; छत्रीचे बोल्ट आणि तारेचे जोड आत्ताच, कोरड्या पत्र्यावर, तपासून घ्या.