उजव्या मेंदूचा आघात आणि वाणी



घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस अर्धांगवायूचा झटका आला की आप्तांचा पहिला प्रश्न असतो, ‘वाचा शाबूत आहे ना?’ होकार मिळताच सर्वांच्या जिवात जीव येतो. हे समाधान पुष्कळदा फसवे ठरते.

१८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका या शल्यविशारदाने, ‘तां’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धातील इजा दाखवून दिली. वाणीचे ठाणे बहुतेकांच्या ठायी डावीकडे असते, हे पुढे सर्वमान्य झाले. म्हणूनच उजव्या गोलार्धावर आघात होऊन शरीराची डावी बाजू लुळी पडली, तरी रुग्ण बहुधा व्याकरणशुद्ध बोलतो.

परंतु शब्द म्हणजेच संपूर्ण भाषा नव्हे. अशा काही रुग्णांचा स्वर सपाट होतो; दुसऱ्याच्या स्वरातील माया वा रोष त्यांस उमगत नाही. उशिरा आलेल्यास कोणी ‘फारच लवकर आलात!’ म्हटले, तर ती स्तुतीच वाटते. हकीकत सांगताना तपशील येतात, सार निसटते. ऐकलेले शब्द ध्यानात राहणे तुलनेने टिकून असते. तथापि अवधान ढळल्याने काहींना तेही जड जाते. वाचताना ओळीचा आरंभच सुटतो, कारण डावीकडे लक्षच जात नाही.

१९७८ साली बिझियाक व लुत्सात्ती या इटालियन संशोधकांनी अशा रुग्णांना मिलान शहरातील कॅथेड्रलसमोरचा चौक मनश्चक्षूंपुढे आणावयास सांगितले. कॅथेड्रलकडे तोंड केल्याची कल्पना करता त्यांनी मुख्यतः उजवीकडील वास्तू सांगितल्या. कॅथेड्रलकडे पाठ केल्याची कल्पना करताच आधी गाळलेल्या वास्तू सांगितल्या. स्मृती नष्ट झाली नव्हती. तिच्या डाव्या बाजूकडे लक्ष वळत नव्हते.

कित्येकदा रुग्णास आपल्या व्याधीची जाणीवच नसते. बाबिन्स्की यांनी १९१४ साली या लक्षणास नाव दिले. म्हणून ‘बोलतो आहे, उद्या पाहू’ असे म्हणून विलंब करू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पुढेही ‘माणूस रुक्ष झाला’ असा दोष त्यास देऊ नये. त्याच्याशी सरळ, थोडक्या शब्दांत बोलावे, आणि मनातील माया केवळ स्वरातून न सुचविता शब्दांनी सांगावी.