जुन्या पिकअपची ब्रेक डिस्क बदलताना

कांदा, डाळिंब घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत येणाऱ्या बऱ्याच पिकअप जुन्या आहेत. रिकाम्या गाडीचा ब्रेक ठीक वाटतो. भरल्या गाडीने तुळजापूरचा घाट उतरताना मात्र झिजलेली डिस्क लवकर तापते व ब्रेकची पकड कमी होते. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) डिस्कवर बहुधा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजावी. कोठेही ती कमी भरल्यास किंवा तडा दिसल्यास डिस्क बदलावी. लेथवर घासून ती आणखी पातळच होते.

२) मॉडेल, उत्पादनाचे वर्ष व चेसिस क्रमांक सांगूनच डिस्क घ्यावी. व्यास, उंची व बोल्टची छिद्रे जुन्या डिस्कशी ताडून पाहावीत. मूळ डिस्क मध्ये हवा खेळणारी असेल, तर स्वस्त म्हणून भरीव घेऊ नये.

३) पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क व पॅड एकदमच बदलावेत, अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.

४) हबवरील गंज व नव्या डिस्कवरील तेल पूर्ण काढावे. सुरुवातीचे २००-३०० किलोमीटर शक्यतो जोराचा ब्रेक टाळावा.

डिस्क नवी असली तरी भरली गाडी घाटात खालच्या गिअरमध्येच उतरवावी. माल उशिरा पोहोचला तरी चालेल, माणूस सुखरूप पोहोचला पाहिजे.