नेपाळ : लुंबिनीच्या पुढे

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



आपली मंडळी दौंडहून मनमाडमार्गे गोरखपूर गाठतात, सोनौलीची हद्द ओलांडतात, लुंबिनीत वंदना घेतात आणि लगेच परतीला लागतात. नेपाळ हा देश पाहायचा राहूनच जातो. म्हणून आज हा विषय घेतला.

लुंबिनीत बर्फ शोधू नये. तो तराईचा सपाट मुलूख आहे, भातखाचरांचा आणि उन्हाळ्यात आपल्यासारखाच भाजून काढणारा. तेथील अशोकस्तंभावरचा लेख १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट स्वतः येथे आला, त्याने पूजा केली, स्तंभ उभारला आणि गावचा कर माफ करून पिकातला राजभाग आठव्या हिश्शावर आणला, असे त्यात कोरले आहे. आयुष्यभर बँकेत खातेवह्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला ती शेवटची नोंद सर्वांत मोलाची वाटते. तथागतांच्या जन्मभूमीचा मान राखताना राजाला तिथल्या कुणब्याचा सारा आठवला!

तेथून काठमांडूला जायला डोंगरातला लांबलचक बसप्रवास. काठमांडूचे खोरे महाबळेश्वराएवढ्याच उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटरवर आहे. हे खोरे एकेकाळी तळे होते आणि मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर कापून पाणी वाहते केले, अशी कथा सांगतात. कथा सोडा, पण तळे खरेच होते, असे भूगर्भशास्त्रही सांगते. त्या गाळाच्या काळ्या जमिनीवर नेवार लोकांनी शेती केली, स्वयंभू आणि बौद्ध या स्तूपांभोवती आपले जीवन बांधले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. बौद्ध स्तूपाचे शिखर तडकले. ते २०१६ मध्ये लोकवर्गणीच्या बळावर पुन्हा उभे राहिले.

आता जेवणाविषयी. आपली माणसे सहलीत चिवडा-चपात्या बांधून नेतात आणि "तिकडचे जेवण जमत नाही" म्हणतात. वास्तविक ते जेवण आपल्या आजीच्या चुलीवरचे आहे. डाळ, भात, तरकारी तर आहेच. पण डोंगरात नाचणीच्या, मक्याच्या पिठाचा घट्ट ढिंडो घाटतात. नाचणीला तेथे कोदो म्हणतात. उडदाच्या डाळीत अळू घालून केलेले मस्यौरा म्हणजे आपले सांडगेच. मोहरीचा, मुळ्याचा पाला आंबवून वाळवतात, तो गुंद्रुक. आपण हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवतो, त्याची आठवण यावी. नेवार लोक पोहे फोडणी न देता कोरडेच खातात, सोबत म्हशीचे मटण आणि भाजलेले सोयाबीन. राखीपौर्णिमेला नऊ कडधान्यांना मोड आणून क्वाती करतात. पाण्याच्या आणि वाहतुकीच्या अडचणीत जगणाऱ्या माणसाची अक्कल सगळीकडे सारखीच चालते. या देशाला समुद्र नाही. पूर्वी मीठसुद्धा तिबेटातून जनावरांच्या पाठीवर यायचे आणि त्याच्या बदल्यात धान्य जायचे.

परंतु बंधूंनो, नेपाळ पाहताना आपल्याला एक गोष्ट टोचल्याशिवाय राहू नये. तेथील जुन्या बहालांत, म्हणजे विहारांत, पौरोहित्य जन्माने मिळते. शाक्य आणि वज्राचार्य कुळांतल्या मुलांचे मुंडन होते, चार दिवस ते भिक्खू राहतात आणि मग संसारात परत येतात. इतर जातींना त्या बहालाचे सभासद होता येत नाही. बुद्धाच्या नावाने जात! १८५४ च्या मुलुकी ऐनाने तर सगळ्या प्रजेची जातवार उतरंड कायद्यातच लिहिली. थेरवादी भिक्खूंनी धम्म लोकांच्या भाषेत सांगायला सुरुवात केली, तेव्हा राणांनी १९४४ मध्ये आठ जणांना देशाबाहेर घालवले.

अशा देशात नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब आले. नागपूरच्या दीक्षेला जेमतेम महिना झाला होता, प्रकृती ढासळलेली होती. तरीही काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. तो त्यांचा शेवटचा परदेश प्रवास. परतताना सारनाथ, कुशीनगर करून ते दिल्लीला पोचले आणि ६ डिसेंबरला आपल्याला सोडून गेले. नेपाळच्या कायद्यातली जातीची उतरंड त्यानंतर सात वर्षांनी, १९६३ मध्ये निघाली. व्यवहारातून ती अजून पुरती गेलेली नाही. आणि आपल्या शिरूर-दौंडमधल्या बौद्ध घरांतही सोयरीक ठरवताना पोटजात विचारली जाते, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

तेव्हा पुढची धम्मसहल आखताना लुंबिनीनंतर किमान चार दिवस काठमांडू-पाटणला ठेवावेत, अशी मंडळाला विनंती आहे. विद्यार्थ्यांनी बहालांत जाऊन तेथील तरुणांशी या विषयावर बोलावे. नेपाळी लिपी देवनागरीच आहे, पाट्या वाचता येतात. भारतीयाला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र मात्र जवळ असू द्या. आपल्या एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे मिळतात, आणि १९९३ पासून हा दर बदललेला नाही, त्यामुळे खजिनदारांना हिशोब आधीच मांडता येईल.