मोकळ्या लिव्हरला काम द्या



आज मला फिक्सी चालवणाऱ्या तरुण मंडळींशी बोलायचं आहे, आणि त्यांच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या कारागिरांशीही. फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल. तिचं मागचं चाक पेडलशी पक्कं जोडलेलं असतं, चाक फिरतं तोवर पायही फिरतात. विषय ब्रेकच्या एका लिव्हरचा आहे. हँडलवर डावीकडे असते, तिच्यातून वायर निघत नाही, दाबली तर लुळी आत जाते, ती. मागचं चाक पायांनीच आवरायचं म्हणून मागचा ब्रेक काढला जातो. लिव्हरी मात्र बहुधा जोडीनं विकल्या जातात. उजवी पुढच्या ब्रेकच्या कामाला लागते आणि डावी नुसतीच बसून राहते.

ती काढून टाका, असं मी सांगणार नाही. खाली वळलेल्या रेसिंग हँडलवर त्या लिव्हरचा रबरी हूड म्हणजे तळहाताची हक्काची जागा. सिंहगडाच्या चढावर सीटवरून उठून पेडल मारायचं तर दोन्ही हातांना सारखं धरायला मिळालं पाहिजे. तेव्हा लिव्हर राहू द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की तिला मुकी ठेवू नका. ती दाबल्यावर काहीतरी उपयोगाचं घडलं पाहिजे.

आपल्या घरातल्या स्वीचबोर्डावर एखादं बटण असतं बघा, ज्यानं काहीच लागत नाही. पूर्वी तिथे कसला तरी दिवा होता, तो काढला, बटण राहिलं. घरच्यांना ते ठाऊक असतं, त्यांचा हात तिकडे जातही नाही. पण रात्री मुक्कामाला आलेली आत्या अंधारात उठते, भिंत चाचपते आणि नेमकं तेच बटण दाबते. पुन्हा दाबते. तिला वाटतं, वीज गेली. मग ती अंधारातच चालायला लागते आणि उंबऱ्याला ठेचकाळते. बटणानं कुणाला शॉक दिलेला नाही, तरी दोष त्या बटणाचाच, कारण भिंतीवर बटण आहे याचा अर्थ ते दाबलं की उजेड पडणार, असं आत्यानं धरून चाललं होतं. आणि तिनं तसं धरणं अगदी रास्त होतं.

फिक्सीवरची डावी लिव्हर तसंच बटण आहे. तुम्हाला तिची सवय आहे. पण धाकटा भाऊ सायकल घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला जातो, मित्र एक चक्कर मारून बघतो. समोर रिक्षा आडवी आली की त्यांची दोन्ही हातांची बोटं आवळली जातात. तिथे विचार नसतो, हाताची सवय असते. उजवीनं ब्रेक लागतो. डावीनं काय होतं? म्हणून पुन्हा सांगतो, ती दाबल्यावर काहीतरी घडलं पाहिजे.

आता काय घडवायचं, याकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. हे सगळं पुढचा ब्रेक असलेल्या फिक्सीबद्दल चाललं आहे. काही जण दोन्ही ब्रेक काढतात, आणि पुण्यातल्या बालेवाडीच्या वेलोड्रोमकडे, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅककडे, बोट दाखवतात. अहो, तिथे सगळे एकाच दिशेनं फिरतात. मध्येच कुणी ब्रेक दाबला तर मागचे अंगावर येतील, म्हणून ट्रॅकवर ब्रेक चालत नाहीत. लक्ष्मी रस्त्यावर समोरून काय येईल याचा नेम आहे का? पायांचा सगळा रोध मागच्या चाकावर येतो, आणि थांबताना वजन पुढे सरकून मागचं चाक हलकं होतं, घसरतं. मागच्या चाकावर मिळणारा जोर पुढच्या ब्रेकच्या जवळपास निम्माच. त्यात चेन उतरली तर पायांचा ब्रेक संपलाच. ब्रिटनच्या सायकलींसाठीच्या १९८३ च्या नियमांनी फिक्स चाकाला एक ब्रेक मानलं, पण पुढच्या चाकाला ब्रेक हवाच असंही ठरवलं. अमेरिकेतले शेल्डन ब्राउन फिक्स्ड गिअरवर मनापासून प्रेम करणारे कारागीर होते. तेही रस्त्यावरच्या प्रत्येक फिक्सीला पुढचा ब्रेक लावा असंच सांगत. तेव्हा आधी उजवी लिव्हर कामाची, मग डावीचे खेळ.

डावीसाठी माझी पहिली पसंती घंटीला. ही निवड नुसत्या गमतीची नाही. रेसिंग हँडलवर घंटी बसवतात ती मधोमध, दांड्याजवळ. हात असतात हूडवर. घंटी वाजवायची म्हणजे ऐन गर्दीत हँडल सोडून हात मध्ये न्यायचा, आणि फिक्सीवर पाय तर सतत फिरत असतात, त्यांना थांबायची मुभा नाही. म्हणून बरेच जण घंटी लावतच नाहीत, तोंडानं ओरडतात. त्याऐवजी घंटी आहे तिथेच राहू द्या. डाव्या लिव्हरला ब्रेकची वायर जोडा, तिच्या बाहेरच्या कव्हरचं टोक घंटीशेजारी एका क्लिपमध्ये पक्कं धरा आणि आतली वायर घंटीच्या खटक्याला बांधा. खटक्याची स्वतःची स्प्रिंग लिव्हरला परत बाहेर आणते. लिव्हरची खेच खटक्याला लागते त्याहून जास्त असते, म्हणून वायर थोडी सैल ठेवा, नाहीतर खटका मोडेल. आता बघा, घाबरून दोन्ही हात आवळले तर उजवीकडे ब्रेक लागतो आणि डावीकडे घंटी वाजते. आत्यानं बटण दाबलं आणि दिवा नाही तरी निदान घरातलं कुणीतरी जागं झालं. हे मला फार समाधानाचं वाटतं.

युरोपात एके काळी टायरला घासून वाजणारी घंटीही मिळायची. दोरी किंवा साखळी ओढली की ती पुढच्या चाकावर टेकायची आणि धरून ठेवाल तोवर खणखणत राहायची. अशी एखादी हाती लागली तर लिव्हर तिच्यासाठीच जन्मली आहे असं समजा. फक्त ती आऱ्यांत अडकणार नाही अशी बसवा.

दुसरं काम लाल दिव्याचं. स्कूटरचा ब्रेक दाबला की मागे दिवा लागतो, तो लिव्हरपाशी असलेल्या छोट्या स्वीचमुळे. इलेक्ट्रिक सायकलींसाठी स्वीच असलेल्या लिव्हरी हल्ली दुकानात मिळतात. तिथे तो स्वीच मोटर तोडण्यासाठी असतो. तसाच स्वीच वापरून मागे लहानसा बॅटरीचा दिवा लावता येतो. फिक्सीवाला पायांनी वेग कमी करतो तेव्हा मागच्याला काहीच कळत नाही, हा या सायकलचा मोठा उणेपणा आहे. पाय रोखताना डाव्या हाताची दोन बोटं हलकेच आवळायची, बस.

तिसरं काम मला सगळ्यांत सुरक्षित वाटतं, पण ते करायला हात सरावलेला कारागीर पाहिजे. डाव्या लिव्हरची वायरही त्याच पुढच्या ब्रेकला न्यायची. दोन वायरी एका जोडणीत येतात, तिथून एक वायर कॅलिपरकडे, म्हणजे चाकाला चिमटणाऱ्या भागाकडे, जाते. दोघींपैकी कुठलीही दाबा, ब्रेक लागतो. त्यानं दुसरा ब्रेक तयार होत नाही हे लक्षात ठेवा, कॅलिपर एकच आहे. पण धाकट्या भावाचा हात कुठेही पडला तरी रिकामा जात नाही.

काही जण या लिव्हरनं सीट खालीवर करणारी पोस्ट चालवायची युक्ती सांगतात. वायरीच्या हिशेबानं ते जमतं. पण रिक्षा आडवी आल्यावर बोटं आवळली आणि बुडाखालची सीटच खाली गेली तर? नको. गिअरसाठी म्हणाल तर स्टर्मी-आर्चर कंपनीनं २००९ मध्ये तीन गिअरचा फिक्स हब आणला खरा, पण गिअरची वायर निवडलेल्या जागी थांबून राहावी लागते आणि ब्रेकची लिव्हर सोडली की परत येते.  

हे सगळं शक्य होतं ते वायरीमुळे. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला सळयांचे ब्रेक असायचे. सळई जाईल तिथेच काम. बाउडेन नावाच्या संशोधकानं १८९६ मध्ये कव्हरातून जाणाऱ्या वायरीचं पेटंट घेतलं, आणि हात एकीकडे व काम दुसरीकडे अशी सोय झाली. एक सूचना मात्र पाळा. जिथे ब्रेकचा जोर येणार आहे तिथे गिअरचं वायर कव्हर वापरू नका. दोन्ही बाहेरून सारखी दिसतात, पण गिअरच्या कव्हरात तारा लांबीच्या दिशेनं उभ्या असतात आणि जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं. ब्रेकच्या कव्हरात तार वेटोळ्यांची असते. कापलेलं टोक नीट बघून घ्या, कव्हर दुकानदारानं कापून हातात दिलं तरी बघा.

स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ दाखवतायत. सायकलीच्या बाहेरचं एक काम राहिलं, कोकणातल्या श्रोत्यांसाठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा आंबे उतरवायचा नूतन झेला तुम्ही वापरत असाल. देठासकट आंबा उतरला की चीक सालीवर सांडत नाही, डाग पडत नाहीत. ज्यांच्या दारात एकच कलम आहे त्यांनी बांबूच्या बुडाशी ही लिव्हर आणि वर स्प्रिंगची बागेची कात्री, अशी जोडणी करून बघायला हरकत नाही. वायर बांबूला सरळ बांधायची. जितकी वळणं तितकी ती जड चालते. कात्रीखाली जाळी कशी धरायची आणि लांब वायरीला ताण कसा ठेवायचा, ते सांगायचं होतं, पण वेळ झाली. डाव्या लिव्हरचं आज संध्याकाळीच बघा, आणि उजवीची वायर तुटत आलेली असेल तर आधी ती बदला.