कोंकणच्या किनाऱ्यावरचीं बंदरें

सुटी लागली, कीं शहरांतील कुटुंबांत प्रवासाच्या गोष्टी निघूं लागतात. कोणी थंड हवेचें ठिकाण सुचवितो, कोणी तीर्थयात्रा सुचवितो, आणि घरांतील मुलें एकमुखानें समुद्राचा आग्रह धरतात. मुलांचा हा आग्रह रास्त आहे. मात्र समुद्र पाहावयाचा म्हणजे वाळू आणि लाटा पाहावयाच्या, अशी जी समजूत होऊन बसली आहे, तिच्यामुळें कोंकणांत जाऊन आलेला मनुष्यहि पुष्कळदां कोंकण न पाहतांच परततो. वाळू आणि लाटा मुंबईच्या चौपाटीवरहि आहेत. कोंकणांत पाहावयाचीं तीं बंदरें. आणि बंदर तेथेंच कां वसलें, हें कळल्यावांचून तें पाहिलें असें म्हणतां येत नाहीं.

सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेस वाहणाऱ्या नद्या आंखूड आहेत. परंतु त्यांचीं मुखें मोठीं आहेत. भरतीचें पाणी त्यांत दूरवर शिरतें आणि खाडी तयार होते. सावित्रीची बाणकोट खाडी, वासिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्री नदीची जयगड खाडी, वाघोटणची विजयदुर्ग खाडी, अशा एकामागून एक खाड्या या किनाऱ्यानें आंत घेतल्या आहेत. खाडीच्या मुखाशीं टेंकडीवर किंवा खडकावर दुर्ग. त्याच्या आडोशाला नारळी-पोफळींत दडलेलें गांव. खाडीच्या आंतल्या टोंकाला बाजारपेठ. आणि पेठेच्या पलीकडे देशावर जाणारा घाट. खाडी, दुर्ग, गांव आणि घाट हीं जुन्या बंदराचीं चार अंगें होत. दाभोळला आलेला माल गलबतांतून चिपळूणच्या बाजूस जाई आणि तेथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढे. यांपैकीं एक अंग दुबळें झालें, कीं बंदराला उतरती कळा लागे.

एकोणिसाव्या शतकांत आगबोटी आल्या आणि या गांवांचा मुंबईशीं नित्याचा संबंध जडला. बोट दूर खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारूंना पडावांत घेऊन खलाशी किनाऱ्याला आणीत. गिरणींत कामाला गेलेला मुलगा, त्यानें पाठविलेला पैसा आणि गणपतीला येणारा चाकरमान्या, हे सर्व याच वाटेनें येत. ही वाट निर्धोक नव्हती. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें मोटारीचा रस्ता सुधारला, प्रवासी आगबोटी बंद पडल्या, आणि १९९८ साली कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. महामार्ग आणि रेल्वे हे दोन्ही बहुतांशीं किनाऱ्यापासून दूर, आंतल्या बाजूनें जातात. त्यामुळें जें गांव एके काळीं कोंकणचें महाद्वार होतें, तें आतां रस्त्याचें शेवटचें टोंक झालें आहे. या बंदरांच्या शांततेचें कारण हेंच. आणि त्यांच्या बंद घरांचें कारणहि हेंच.

ही गोष्ट मनांत ठेवून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघावें. पहिलें नांव अलिबागचें. समुद्रांतील खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. त्याचें काम शिवछत्रपतींनीं १६८० साली सुरू करविलें आणि संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. ओहोटी लागली कीं किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें, आणि भरती आली कीं त्याचें पुन्हां बेट होतें. भोंवतीं खारें पाणी असतां आंत गोड्या पाण्याचें तळें आहे. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांची समाधि गांवांतच आहे. याच गांवांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन करणारी वेधशाळा आहे. ती पूर्वी मुंबईच्या कुलाब्यास होती. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्यामुळें सूक्ष्म यंत्रांचीं मापनें बिघडणार, म्हणून १९०४ साली ती येथें हलविण्यांत आली. इमारतीहि चुंबकावर परिणाम होणार नाहीं अशा दगडानें बांधल्या. मुंबईच्या गलबल्यापासून दूर असणें, या एका गुणामुळें अलिबागला शास्त्राच्या जगांत स्थान मिळालें.

त्याच्या खालीं मुरूड आणि राजपुरीच्या खाडींतील जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडींतून निघालें, कीं किल्ल्याचा तट सलग दिसतो; दरवाजा कोठें आहे हें अगदीं जवळ गेल्याखेरीज कळत नाहीं. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांनीं अनेकदां वेढला. संभाजीमहाराजांनीं तर खाडींत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचा प्रयत्न केला. तरीहि तो हातीं लागला नाहीं. सिद्दींचें संस्थान १९४८ साली भारतांत विलीन झालें, तोंपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. पुढचें श्रीवर्धन हें पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें मूळ गांव. तेथील सुपारीच्या वाड्यांतून भर दुपारींहि उन्हाचा ताप लागत नाहीं.

बाणकोटची खाडी फेरीबोटीनें ओलांडली कीं दापोलीचा मुलूख लागतो. हर्णैच्या समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग आहे, आणि किनाऱ्यावर संध्याकाळीं माशांचा लिलाव असतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, भाव पुकारले जातात, आणि पाहणाऱ्याला कळतें कीं हें बंदर अजून जिवंत आहे. जवळच मुरूड नांवाचें दुसरें गांव आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण तेथें गेलें. परीक्षेसाठीं ते ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पायीं सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्या गांवच्या रुंद, सावलीच्या रस्त्यावरून चालतांना मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.

दाभोळ हें आज लहानसें गांव आहे. पंधराव्या शतकांत निकितिन नांवाच्या रशियन प्रवाशानें त्याचें मोठें बंदर म्हणून वर्णन केलें. अरबस्तानाशीं त्याचा घोड्यांचा आणि कापडाचा व्यापार चाले. १५०८ साली पोर्तुगीजांनीं तें जाळलें. किनाऱ्यालगतची जुनी मशीद तेवढी त्या वैभवाची साक्ष देत उभी आहे. वैभव गेलेलें गांवहि पाहण्याजोगें असतें, हें दाभोळला कळतें. तेथून फेरीबोटीनें पलीकडे धोपाव्यास उतरावें आणि गुहागरच्या लांबलचक पुळणीवरून पुढें निघावें.

रत्नागिरी हें या किनाऱ्यावरचें जाणतें शहर होय. लोकमान्य टिळक येथें १८५६ साली जन्मले. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८६ साली येथें आणून ठेविलें. त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला, आणि पुढें सहा वर्षांनीं, १९१६ साली, राजानें येथेंच देह ठेविला. त्या वाड्याच्या परिसरांतून भाट्याच्या खाडीकडे पाहिलें, म्हणजे हें रम्य दृश्य त्या राजाला तीस वर्षें कसें वाटलें असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पुढें १९२४ पासून १९३७ पर्यंत विनायक दामोदर सावरकर येथें स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेनें १९३१ साली सर्व जातींना खुलें असलें पतितपावन मंदिर उभें राहिलें. समुद्राच्या कांठचें हें गांव राज्यकर्त्यांनीं माणसें दूर ठेवण्यासाठीं निवडलें. परंतु त्या माणसांनींच त्याला जवळचें केलें.

विजयदुर्गाला तीन बाजूंनीं पाणी आहे, आणि वाघोटणच्या खाडींत आंग्र्यांची गोदी होती. १७५६ साली ॲडमिरल वॉटसनच्या आरमारानें समुद्राकडून आणि पेशव्यांच्या फौजेनें जमिनीकडून तुळाजी आंग्र्याला घेरलें. बंदरांत उभें असलेलें आंग्र्यांचें आरमार एका दिवसांत जळून गेलें. घरच्या भांडणांत परक्याची मदत घेतली, आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तोंड देऊं शकणारी शक्ति आपल्याच हातांनीं नष्ट केली. या तटावर उभें राहून हा इतिहास वाचावा, म्हणजे तो पुस्तकांतल्यापेक्षां अधिक झोंबतो.

देवगडच्या आंब्याच्या कलमांमधून दक्षिणेस उतरलें कीं मालवण. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं घातला गेला, आणि सुमारें तीन वर्षांत तो उभा राहिला. भोंवतीं खडकांचें जाळें असल्यानें वाट ठाऊक असलेल्या तांडेलावांचून तेथें जहाज नेणें कठीण. आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. मालवणच्या किनाऱ्यावर नशिबानें रापण ओढतांना पाहावयास मिळाली, तर ती संधि सोडूं नये. होडींतून जाळें अर्धवर्तुळाकार सोडतात, आणि दोन्ही टोंकांचे दोर किनाऱ्यावरून अनेक माणसें मिळून ओढतात. मग मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. सहकार हा शब्द ज्यांनीं ग्रंथांतून वाचला आहे, त्यांना तो येथें वाळूवर दिसतो.

शेवटीं वेंगुर्लें. सतराव्या शतकांत डच लोकांची वखार येथें होती. तिचे अवशेष अद्यापि आहेत. पुढें आंबोली घाटाचा रस्ता झाला आणि बेळगांवकडचा माल येथून जहाजांत चढूं लागला. परंतु १८८८ च्या सुमारास मुरगांवची रेल्वे सुरू झाली आणि तो माल तिकडे वळला. घाट हें चौथें अंग दुबळें झालें, कीं बंदराचें काय होतें, याचें हें स्पष्ट उदाहरण. थोडें पुढें शिरोडें. तेथील मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि तेथील शाळेंत १९२० पासून १९३८ पर्यंत विष्णु सखाराम खांडेकर यांनीं मुलांना शिकविलें.

प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यांत किल्ल्यांना जाणाऱ्या होड्या बंद असतात. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें; म्हणून पाण्यांत उतरण्यापूर्वीं किंवा कुलाब्यास पायीं निघण्यापूर्वीं तेथल्या कोळ्याला विचारावें. त्याचा शब्द प्रमाण मानावा. चार दिवसांत दहा गांवें पाहण्यापेक्षां एका गांवीं चार दिवस राहणें बरें. एखाद्या घरीं उतरावें, तेथलें भात-मासे किंवा उकडीचे मोदक जेवावें, सोलकढी प्यावी, आणि सकाळीं बाजारांत, संध्याकाळीं धक्क्यावर जावें.

आतां रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकांठचा सागरी महामार्ग आणि खाड्यांवरील मोठे पूल यांची योजना हातीं घेण्यांत आली आहे. तीं कामें झालीं, म्हणजे या गांवांचें तोंड पुन्हां वाहत्या रस्त्याकडे वळेल. आजाऱ्याला वेळेवर इस्पितळ गांठतां येईल, तरुणाला गांवींच काम मिळेल, आणि बंद घरांचीं कुलुपें निघतील. म्हणून रस्त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच रस्त्यानें गर्दीहि येईल, आणि पोफळीची वाडी तोडून तेथें उपाहारगृह बांधण्याचा मोहहि येईल. पूर्वीं या बंदरांत मीठ, तांदूळ, कापड उतरत असे. यापुढें तेथें उतरणारा मुख्य माल म्हणजे पाहुणा. माल बदलला कीं बंदर बदलतें, हें दाभोळनें आणि वेंगुर्ल्यानें दाखविलेंच आहे. पाहुण्यानें वाडी, विहीर, धक्का आणि रापण यांची चौकशी केली, तर गांवकरी तीं राखतील. त्यानें केवळ वाळू मागितली, तर त्याला केवळ वाळूच मिळेल. या सुटींत जीं कुटुंबें कोंकणांत उतरतील, त्यांच्या हातीं ही निवड आहे.